वरच्या खोलीतलं कामाचं वर्ष

समोरचा माणूस बोलायला लागला की तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर फिरायला लागायचं. सावकाश, वळणं घेत. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या या भाडेकरू पोरीला खाज सुटली असेल. मी खोबरेलाची बाटली पुढे केली.

"नाई आजी, तुमची कडा काढून राह्यली."

"माही काय काढून राह्यली?"

"कडा. तुम्हाले या खुर्चीतून कापून दुसरीकडं नेऊन बसवायचं असलं, तर आधी चहूकडून कडा काढा लागते. हलू नका, अंबाडा राह्यला."

हे गेल्यापासून मी त्या खुर्चीत बसते. मला तिथून उठवून दुसरीकडे नेण्याचा विचार इतक्या वर्षांत कोणाच्या मनात आला नव्हता. मी अजिबात हलले नाही.

आमच्या पिपरी मेघेत आता घरागणिक वरची खोली भाड्यानं असते, आणि तिच्यात कोणी ना कोणी शिकत असतं. तुमच्याकडेही कोणी राहून गेलं असेल. नर्सिंगची मुलगी असते, इंजिनिअरिंगचा मुलगा असतो. ही मात्र काय शिकते, ते मला गल्लीत सांगता येईना. पुण्याच्या विद्यापीठात होती, 'क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी'.

"म्हणजे काय व?"

"चित्र, आवाज, कम्प्युटर, उजेड, सगळं मिळून एक."

"म्हणजे काला."

"हो, काला," ती म्हणाली. तेव्हापासून मी लोकांना तेच सांगत होते.

या अभ्यासात चार वर्षांतलं तिसरं वर्ष कामाचं असतं. कुठल्या तरी कंपनीत वर्षभर काम करायचं, तिथल्या मालकानं शेवटी 'हिनं काम केलं' म्हणून सही द्यायची, मग चौथ्या वर्षात पाऊल. बरोबरीची मुलं बंगळूर-हैदराबादला गेली. हिच्या कंपनीनं ऐनवेळी कळवलं, यंदा कोणाला घेत नाही. तिच्या वडिलांचं वडनेरला बी-बियाण्यांचं दुकान. त्यांनी जामच्या मावसभावाला फोन लावला. त्याचा तिथे लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ होता. झालं, वर्ष जमलं.

"मग घरूनच काऊन नाई जात तू?" मी विचारलं.

"घरी नेट धड नाई आजी. अन् रोज सांजीले एक स्थळ येते."

तिच्या वयाची असताना मीही कलावंत होते. म्हणजे मला तसं वाटायचं. मखमलीवर हंस भरायची. त्यातला एक आमच्या ह्यांनी लग्नानंतर भिंतीवर पाहिला आणि विचारलं, "ही कोंबडी कोणाकडची?" नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणून मी वडिलांविरुद्ध उपोषणही केलं होतं. आमचा जिल्हा सत्याग्रहींचा, इथे उपोषणाला वजन असतं, वडील घाबरले. पण आई घाबरली नाही. तिनं दुपारी आलूबोंडे तळायला घेतले. चार वाजेपर्यंत माझी कला, माझं कॉलेज आणि माझं तत्त्व, सगळं हिरव्या मिरचीसोबत पोटात गेलं होतं. वर मी आईला म्हणाले, मीठ कमी आहे.

तर अशी मी. त्यामुळे ती सकाळी जामच्या एसटीसाठी निघाली, की मला जरा हेवाच वाटायचा.

मग एकदा मी तिच्यासोबत गेले. जाम म्हणजे हायवेचा चौक. नागपूरकडून, हैदराबादकडून आलेले ट्रक, ढाबे, टायरची दुकानं आणि धूळ. स्टुडिओ म्हणजे एक गाळा. भिंतींना हिरवं कापड, खिडकी नाही. काकांनी माझ्यासमोर तिला आत बसवलं आणि शटर खाली ओढलं. धूळ येते म्हणे, उजेडही येतो, दोन्ही मशिनला चालत नाही. दार एवढंच. आतून शटर तिला एकटीला उचलत नसे. बाहेर यायचं असलं तर फोन करायचा.

"अन् काका जेवाले गेले तर?"

"तर जेवून येईपर्यंत आत," ती म्हणाली. जसं काही पाऊस थांबेपर्यंत.

काम काय, तर मेलेली माणसं लग्नात उभी करायची. आपल्याकडे आता ही पद्धतच पडली आहे. नवरदेवाचे आजोबा वारलेले असतात, घरच्यांना वाटतं त्यांनी आशीर्वाद द्यावा. मग जुना फोटो देतात. ही त्या माणसाची कडा काढणार, अंगात नवा कोट घालणार, डोळ्यांची उघडझाप करायला लावणार, आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आजोबा चालत येऊन हात वर करणार. बाया रडतात. काकांचं पुढच्या लग्नाचं बुकिंग तिथेच होतं.

"तुले भेव नाई वाटत?"

"मेलेल्यांचं नाई वाटत आजी. ते सांगितलं तसं करतात."

तिचं स्वतःचं काम वेगळं होतं. एका रविवारी तिनं मागल्या भिंतीवर उजेडाचं यंत्र लावलं आणि मला म्हणाली, हात हलवा. मी हात वर केला, तर भिंतीवर कापसाची बोंडं फुटली. जिकडे हात तिकडे पांढरं. मी हातातली भाजी तशीच टाकून अख्खी भिंत वेचली. चौथ्या वर्षी तिला हेच मोठं करायचं होतं, एका खोलीभर, आत माणूस चालत जाईल असं. त्यासाठी फक्त ती सही हवी होती. वर्ष संपत आलं होतं.

आणि तेवढ्यात हिंगणघाटचं लग्न आलं.

त्या घरच्यांनी आजोबांचा एकच फोटो दिला होता. पंगतीत बसलेले, उजवा हात वर. हिनं बोटांना लागलेला भात कम्प्युटरवर पुसला, खालून पाय जोडले, आशीर्वाद तयार. पण आजोबा नवरा-नवरीकडे पाठ करून उभे राहिले. मग तिनं फोटो आरशासारखा उलटा केला. आजोबांचं तोंड जोडप्याकडे वळलं. हातही वळला, हे शटरच्या आत कोणाच्या लक्षात आलं नाही. भरल्या हॉलमध्ये आजोबांनी डाव्या हातानं आशीर्वाद दिला.

नवरदेवाची आई खुर्चीवरून उठलीच. "आमच्या मामंजीनं डावा हात केला व माह्या पोराच्या डोक्यावर! डावा!" अर्ध्या लोकांनी दिसलाच नाही म्हटलं, अर्ध्यांनी अपशकुन म्हटलं.

काका तिला म्हणाले, "बेटा, त्यांच्या घरी जा, माफी माग, नवीन करून दे. सहीचं मग पाहू." थोडं थांबून म्हणाले, "पुढचा सीझनही काढून टाक. घरचीच तं आहेस."

हे 'घरचीच' फार वाईट. परक्या मालकाशी भांडता येतं, विद्यापीठाला तक्रार करता येते. काकाची तक्रार केली की वडनेरला बापाची मान खाली. ती त्या दिवशी आली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिली. वर पत्र्याखाली भट्टी, खाली मी. ना वर गेली, ना खाली आली.

हिंगणघाटला मी तिच्यासोबत गेले. म्हाताऱ्या बाईसमोर लोक जरा हळू ओरडतात. नवरदेवाच्या आईनं पाणी दिलं, पण ग्लास आपटून. आजोबांची बायको, नव्वदीची असेल, आतल्या खाटेवर होती. तिनं लग्नात काही पाहिलं नव्हतं, दिसलंच नव्हतं. हिनं मोबाइल तिच्या डोळ्याशी धरला.

म्हातारी पाहत राहिली. मग खुदकन हसली.

"हे कुठी आशीर्वाद देऊन राह्यले? हे पुरे म्हणून राह्यले! बुंदी वाढत होते तवा. पुरे, पुरे म्हणत अन् वाढू देत." मग तिनं हिचा हात धरला. "ताट कुठी गेलं त्यायचं? उपाशी काऊन उभं केलं व माय माह्या माणसाले?"

सून चहा टाकायला उठली.

ही परत आली आणि झपाटल्यासारखी बसली. भात बोटांना परत लावला, ताट मांडलं, आजोबांना लग्नाच्या पंगतीत बसवलं, उजवा हात वर, चेहऱ्यावर नको-नको आणि ताटात बुंदी. त्या घरानं तो व्हिडिओ साऱ्या नातेवाइकांना पाठवला. म्हातारी म्हणे रोज जेवताना पाहते.

मला वाटलं, सुटली पोर. मी गोड शिरासुद्धा केला. माझी अक्कल त्या कोंबडीसारख्या हंसाइतकीच.

काकांचा फोन स्पीकरवर होता. आवाज आनंदानं फुटत होता. "बेटा, काय आयटम काढला तू! आता सगळ्यायले आपले बुढे जेवताना पाह्यजेत. तुले तर आता सोडतच नाई मी."

"काका, सही..."

"सहीची काय घाई? सही कुठी पळून राह्यली?"

शिरा तिनं संपवला. वाटी धुऊन पालथी घातली. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी एसटीला गेली, फक्त पाठीवरची बॅग जरा फुगलेली होती. ते मी पाहिलं.

जामहून तिचा फोन आला. मागे कंडक्टर ओरडत होता.

"आजी, नागपूरच्या गाडीत बसली मी. तिथून पुण्याले जातो."

"सही?"

"नाई झाली. कॉलेजच्या सरायले विचारलं. वर्ष धरत नाई म्हणे. दुसरीकडं पुन्हा पूर्ण करा लागन."

"बापाले सांगितलं?"

"सांगितलं. फोन ठेवून देल्ला त्यायनं."

मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होते. "खिडकीत बस," एवढंच म्हणाले.

महिन्यानं तिचे वडील टेम्पो घेऊन सामान न्यायला आले. तोवर बापलेकीचं बोलणं बंदच होतं. गादी नेली, टेबल नेलं. माझ्याशी मोजकं बोलले. शेवटी राहिला कूलर, लोखंडी, मोठा. तो दारातून निघेना. उभा केला, आडवा केला, तिरपा केला. दाराची चौकट खरवडली. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. अखेर ते घामाघूम होऊन त्या कूलरवरच बसले आणि कितीतरी वेळ रिकाम्या खोलीकडे पाहत राहिले.

"काकू, जेवते का ती तिकडं?"

"मले काऊन विचारता? नंबर तं तोच हाय तिचा."

त्यांनी मोबाइल काढला. पुसला. पुन्हा खिशात ठेवला. पुन्हा काढला. रिंग जायला लागली तसे ते उठून उभे राहिले, सदऱ्याची बटणं चाचपली.

"हां," ते म्हणाले. मग घसा साफ करून, रागानंच, "अवं, हा कूलर कसा घातलता व तू आत? निघूनच नाई राह्यला."

मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. ते हुं हुं करत होते. ऐकता ऐकता खांद्यात फोन धरून ते गुडघ्यावर बसले आणि कूलरच्या पायाखालचा पहिला स्क्रू शोधायला लागले.