अण्णांची मूठ आणि जंबो ग्रिप

खेळाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाईक बॅट बघायला येतं, बॅट न घेता जातं आणि किस्सा तेवढा ठेवून जातं. माझ्याकडच्या किश्शांचा निम्मा साठा गोल्फच्या ग्रिपांचा आहे. ग्रिप म्हणजे स्टिक जिथे हातात धरतात तिथलं रबर. कोल्हापुरात गोल्फ म्हटलं की बाहेरच्यांच्या भुवया वर जातात. जाऊ देत. नव्वदच्या दशकात गावाबाहेरच्या माळावर आम्ही चौघं दर रविवारी सकाळी खेळायचो. मी, कंत्राटदार बापू, हाडांचे डॉक्टर आणि गुळाच्या पेढीवरून निवृत्त झालेले अण्णा. अण्णा वयानं सगळ्यात मोठे आणि खेळात कायम शेवटचे. पुढे याच अण्णांच्या हातानं आमच्या तोंडचं पाणी पळवलं. ते सांगतोच, पण क्रमानं.

*

क्रिकेटच्या बॅटींना रबर चढवायचो म्हणून गोल्फच्या ग्रिपाही माझ्याकडे आल्या. माप सोपं असतं. डाव्या हातात स्टिक धरायची. मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली की बरोबर. नखं रुतली तर ग्रिप बारीक, बोटं टेकलीच नाहीत तर जाड.

पहिलं माप बापूचं घेतलं. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी, त्याला सगळ्यात जाड, जंबो ग्रिप लागली. झालं! दुसऱ्या दिवसापासून माळावर खेळणारा जो तो जंबोच मागायला लागला. माझा हात लहान आहे असं कोल्हापुरात कोण कबूल करणार? एक बँकेतले साहेब आले, अंगानं अगदी उदबत्तीची काडी. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला साधी बरोबर बसतेय."

"बापूला कुठली घातलीस?"

"जंबो."

"मग मी काय तुझं घोडं मारलंय? मला बी जंबोच घाल."

फार जाड ग्रिपवर हात नीट वळत नाहीत आणि चेंडू उजवीकडे जातो. साहेबांचा जवळजवळ प्रत्येक चेंडू त्या हंगामात उजवीकडच्या उसात गेला. बदलून देऊ का विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हातात धरल्यावर भारदस्त वाटतंय की."

*

पुढचा किस्सा माझ्याच अब्रूचा आहे. ग्रिप चढवताना आतली चिकटपट्टी पेट्रोलनं ओली करायचो. रबर सरकन चढतं, पेट्रोल उडून जातं आणि ग्रिप घट्ट बसते. एकदा पेट्रोल संपलं होतं, म्हणून स्टोव्हमधलं रॉकेल वापरलं. रॉकेल तसं उडून जात नाही, हे मला रविवारी माळावर कळलं. बापूनं ताकदीनं स्टिक फिरवली. ग्रिप त्याच्या हातात राहिली आणि स्टिक भिरभिरत जाऊन बांधावर म्हैस चारणाऱ्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात पडली. म्हाताऱ्यानं स्टिक उचलली आणि शांतपणे आणून दिली.

"पावणं, चेंडू हितंच ऱ्हायलाय की तुमचा."

कुणाला खरचटलंही नव्हतं. म्हशीनं मानसुद्धा वर केली नाही. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. अण्णा तर हसून हसून खाली बसले. उठताना मात्र त्यांनी जमिनीला हात टेकला आणि ते कळवळले. तेव्हा पहिल्यांदा आमचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

*

अण्णांची बोटं सकाळी मिटत नव्हती. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. त्यांच्या वडिलांचे हात असेच गेले होते, शेवटची वर्षं त्यांना दुसऱ्यानं भरवावं लागलं होतं. ते भरवणारे अण्णाच होते. त्यामुळे दुखण्यापेक्षा त्यांना भीती जास्त होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल निघालं.

"नॉर्मल म्हंजे काय?" अण्णा म्हणाले. "म्हंजे तुमास्नी कळंना, असला रोग हाय."

अण्णांनी खेळ सोडायचं ठरवलं.

*

आमच्याकडे सत्काराशिवाय काही संपत नाही. माळावरच्या शेडमध्ये अण्णांना फेटा बांधला, शाल-नारळ दिला. बापू भाषणाला उभा राहिला. "अण्णांसारखा गोल्फ कोल्हापुरात कुणी खेळला न्हाय," तो म्हणाला. "मी जे शिकलो त्ये त्यांच्याकडनंच." बापू अण्णांकडून एकदाही हरला नव्हता, पण हे बोलताना त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. अण्णांनी आपले बूट डॉक्टरांना दिले, छत्री बापूला आणि स्टिकचा सेट मला. दोन वर्षांपूर्वी सूनबाईंनी अमेरिकेहून आणलेला हा सेट. अण्णा त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

दुकानात आणून मी एक स्टिक पुसायला हातात घेतली आणि माझी नखं तळव्यात रुतली. सगळ्या काढून बघितल्या. सगळ्या तशाच, बायकांच्या मापाच्या. सूनबाईंनी तिकडच्या दुकानात स्वतःच्या हातात धरून सेट निवडला होता! मी तसाच डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी स्टिक धरून बघितली आणि कपाळाला हात लावला. "दोन वर्षं हा माणूस खेळत नव्हता, ओलं धोतर पिळत होता. बोटं आखडणार नाहीत तर काय?"

अख्ख्या गावाची मापं मी घेतली होती. दर रविवारी शेजारी उभ्या असलेल्या अण्णांचं कधी घेतलं नव्हतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. स्टुलावर बसून मी चक्क रडलो.

महिनाभर हाताला विश्रांती आणि सेटला मापाच्या ग्रिपा. त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं माळावर पोचलो, तर अण्णा चपला घालून आमच्या आधीच उभे. मला बघितल्याबरोबर त्यांनी डावी मूठ घट्ट मिटून दाखवली. मग डॉक्टरांच्या पायांकडे बोट केलं. डॉक्टर तिथंच खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बापूनं न सांगता छत्री पुढे केली.

"आन् अण्णा, आमचा फेटा नि शाल?" बापूनं विचारलं.

"आणलंय की पिशवीतनं. नारळ तेवढा खाल्ला," अण्णा म्हणाले. "पण भाषण काय परत मिळायचं न्हाय. बोललास त्ये बोललास."