मोठे सिलिंडर आणि तांदळाची गोण

घराचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत आम्ही दोघं नॉटिंगहॅमबाहेर मोटरहोममध्ये हिवाळा काढणार होतो. सहा किलोचे प्रोपेनचे सिलिंडर थंडीत पुरेनात, म्हणून यांनी अकरा किलोचे दोन बसवले. हे सर्जन; वजनंमापं हाताखालच्यांनी बघायची, अशी सवय. काट्यावर गाडी कायद्याच्या मर्यादेपेक्षा अठरा किलो जास्त भरली.

"तुझी तांदळाची गोण उतरव," हे म्हणाले.

"अहो, मग एवढ्या गॅसवर शिजवायचं काय?"

"गॅस हीटरसाठी आहे."

मी गोण उतरवून घराच्या शेडमध्ये ठेवली. जेवायच्या वेळी हीटर पूर्ण वाढवला आणि यांच्यापुढे रिकामं ताट ठेवलं. सकाळी गाडीतल्या आपल्या गोल्फच्या काठ्या ट्रॉलीसकट यांनी स्वतःच शेडमध्ये नेऊन ठेवल्या, आणि येताना गोण आणली.