वाघळांच्या बाई

दिवेलागणीच्या वेळेला वाघळांच्या बाईंशी काही महत्त्वाचं बोलू नये, हे आमच्या केंद्रात आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळायचं. बाई समोर उभ्या असायच्या, मान हलवायच्या, ‘व्हय, व्हय’ म्हणायच्या. पण डोळे आभाळाकडं. एकदा विद्यापीठातून मोठे साहेब पाहणीला आले होते. अंगणात चहा चालला होता आणि साहेब बाईंना प्रयोगशाळेच्या जागेबद्दल काहीतरी विचारत होते. बाईंनी हात वर करून त्यांना मध्येच थांबवलं.

“एक मिनिट हं सर. निघालीत.”

गावाच्या बाजूनं मोठी काळी वटवाघळं संथ पंख मारत येत होती. साहेबांसकट आम्ही सगळे माना वर करून उभे राहिलो. शेवटचं वाघूळ झाडांमागं दिसेनासं झालं तेव्हा बाई म्हणाल्या, “हां, आता बोला.” साहेबांना आपला प्रश्न काही आठवेना.

विद्यापीठाचं हे बेळगावातलं केंद्र तेव्हा अगदी नवं होतं, आणि तिथं जमलेली माणसं कुठून कुठून आलेली. इतिहासाचे सर आधी सैन्यात कारकून होते. आता ते किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा अभ्यास करत. कन्नडच्या मॅडम टेलिफोन खात्यातली नोकरी सोडून आलेल्या. त्यांना लग्नातल्या गाण्यांचं वेड. मी कोगनोळीच्या शेतकऱ्याचा मुलगा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काही वर्षं काढून अर्थशास्त्राकडं वळलो आणि शेवटी तंबाखूच्या बाजारावरच संशोधन करायला लागलो. बाई मला ‘तंबाखूवाले’ म्हणायच्या. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना ‘वाघळांच्या बाई’ कुणी म्हटलं पहिल्यांदा, ते माहीत नाही. त्यांना त्याचा राग नव्हता. “बरं हाय की,” म्हणायच्या, “निदान कशातल्या बाई ते तरी कळतंय.”

पण सगळ्यात लांबचा रस्ता बाईच चालून आल्या होत्या. शहापुरात विणकराच्या घरी जन्म. लहानपण मागापाशी सुताच्या कांड्या भरण्यात गेलं. वडील गेल्यावर धाकट्या भावांना हाताशी घेतलं, आणि त्या धांदलीत लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. सातवीच्या जोरावर प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली ती खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेच्या एका लहानशा गावात. तिथं शिकवता शिकवता बाहेरून मॅट्रिक झाल्या. मग बेळगावात कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक आणि झुरळं मांडून द्यायची नोकरी करत पदवी घेतली, मग धारवाडला एम.एस्सी. आमच्या केंद्रात आल्या तेव्हा त्यांचे केस पिकलेले होते, आणि सोबतीला असलेले बाकीचे व्याख्याते त्यांच्या भाच्यांच्या वयाचे होते.

वाघळांचा नाद लागला तो जंगलाच्या कडेच्या त्या पहिल्या गावात. शाळा देवीच्या देवळाच्या ओसरीत भरायची आणि देवळामागं मोठा वड होता. वडाला दिवसभर शेकडो वाघळं उलटी लटकलेली. एकदा मुलांनी दगड मारून एक पाडलं. बाईंनी जवळ जाऊन पाहिलं तर ते मेलं होतं, पण पोटाला घट्ट धरून बसलेलं पिल्लू जिवंत होतं. बाईंनी ते पदरात घेतलं, दूध पाजायचा प्रयत्न केला. चार-पाच दिवसांत तेही गेलं. “शिकवायला गेले हुते,” बाई म्हणायच्या, “पण त्या पिल्लाला काय खायला घालायचं तेच मला येत नव्हतं. मग म्हटलं, आधी आपणच शाळेत जावं.”

म्हणून पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला तो त्याच वडावरच्या वाघळांचा. ही वाघळं रात्री कुठली फळं खातात, बिया कुठं नेऊन टाकतात आणि त्यातून कुठं कुठली झाडं उगवतात, असा तो विषय. शनिवारी दुपारी वर्ग संपला की त्या खानापूरची बस धरायच्या. हातात मोठं गाठोडं. भावांच्या मागावर बिघडलेलं, विकलं न जाणारं कापड त्यात असायचं. रानातल्या झाडांखाली संध्याकाळी ते अंथरायचं आणि सकाळी त्यावर पडलेल्या बिया वेचायच्या. लाल-हिरव्या काठांचं कापड रानात पसरलेलं बघून गावातल्या बायका हसायच्या. “बाई वाघळांस्नी साड्या नेसवाय लागल्यात,” असं म्हणायच्या. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच दोघी-तिघी बिया वेचायला सोबत यायच्या.

त्यांतली एक तुळसा. बाईंच्या हाताखाली शिकलेली, पुढं गावातच दिलेली. मीही बाईंबरोबर दोन-तीनदा त्या गावाला गेलो होतो. तुळसाच्या घरी जेवण ठरलेलं असायचं. तिची मोठी मुलगी बाईंना बियांची नावं विचारून विचारून भंडावून सोडायची आणि बाई न कंटाळता सांगायच्या.

एका पावसाळ्याच्या शेवटी गावात तापाची साथ आली. ताप उतरायचा नाही, पोरं वाळत चालली. तुळसाची ती मुलगी त्यात गेली. मग कुणीतरी म्हणालं, वडाला लागूनच विहीर आहे, वाघळांची घाण त्यात पडते, ताप त्यातूनच आला. देवीला कौल लावला, तोही तसाच निघाला. वाघळं उठवायची असं गावानं ठरवलं.

बाईंना निरोप मिळाला तसा त्यांनी माझ्या खोलीत येऊन विचारलं, “तंबाखूवाले, येतायसा का माझ्यासंगं?” मी चप्पल घातली आणि निघालो.

गाव देवळापुढं जमला होता. वडाखाली वाळलेला पाला आणि मिरच्यांची पोती आणून ठेवली होती. पाटलांनी बाईंना बसायला घोंगडं दिलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, “बाई, तुमी आमच्या गावच्या. तुमच्या अभ्यासाचं नुकसान हुईल हे आमास्नी कळतंय. पण पोरं मराय लागल्यात.”

बाई म्हणाल्या, “आप्पा, आठ दिवस थांबा. मी खानापूरच्या डॉक्टरांना घेऊन येते. पाणी तपासू.”

गर्दीतून तुळसा पुढं आली. तिचे डोळे कोरडे होते. “बाई, तुमी एवढं शिकलासा. वाघळांमुळं ताप आला न्हाय, एवढं छातीवर हात ठेवून सांगा. मी ह्या सगळ्यांस्नी थांबवते.”

मी बाईंकडं पाहिलं. एक शब्द पुरे होता. गाव त्यांना मानत होता. ‘न्हाय’ म्हणाल्या असत्या तर वड वाचला असता, इतक्या वर्षांचं काम वाचलं असतं. मनातल्या मनात मी त्यांच्या वतीनं तो शब्द उच्चारलादेखील.

बाईंनी एकदा वडाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “तुळसा, मला ठाऊक न्हाय गं. पाण्यामुळं असंल असं वाटतंय. पण वाघळांमुळं न्हायच, असं मला सांगता येणार न्हाय.”

तुळसा वळली. पाल्याला पहिली काडी तिनंच लावली.

धुरानं वड भरून गेला. हलग्या वाजत होत्या. भर दुपारी वाघळं उठली आणि उन्हात आंधळ्यासारखी देवळावर, घरांवर फिरत राहिली. काही खाली पडली. बाई ओसरीच्या कडेला उभ्या होत्या, जिथं पूर्वी त्यांचा फळा असायचा. त्यांनी तोंड फिरवलं नाही. सगळं संपल्यावर मला म्हणाल्या, “चला. शेवटची बस चुकंल.”

मला वाटलं, आता बाई त्या गावाचं तोंड बघणार नाहीत. पुढच्याच शनिवारी त्या डॉक्टरांना घेऊन पुन्हा गेल्या. ताप चालूच होता. वाघळं गेली तरी नवी पोरं पडत होती. डॉक्टरांनी सांगितलं, विषमज्वर आहे, आणि वरच्या अंगाच्या वस्तीची सगळी घाण पावसात विहिरीत उतरते आहे. पाणी उकळून प्या, म्हणाले. पण परक्या डॉक्टरचं कोण ऐकतो? बाई दारोदार फिरल्या. चुलीपाशी बसून पाणी उकळेपर्यंत उठायच्या नाहीत. तुळसाचा धाकटा मुलगा तापानं फणफणला होता. त्याच्या उशाशी त्या दोन शनिवार-रविवार बसून होत्या. तो वाचला. दिवाळीनंतर गावानं विहीर उपसली, कठडा बांधला. केंद्रात कुणीतरी बाईंना म्हणालं, “म्हणजे वाघळं निर्दोष होती तर.” बाई म्हणाल्या, “त्यांची घाणही पडतच असणार की विहिरीत. ते कुणी तपासलं? उगी निकाल देऊ नगासा.”

वाघळं काही परत आली नाहीत. धारवाडच्या मार्गदर्शकांनी बाईंना समजुतीनं सांगितलं, जमलंय तेवढ्यावर प्रबंध लिहून टाका, वाघळं उठवल्याचं तळटीपेत घाला. केंद्रात रीडरची, म्हणजे व्याख्यात्याच्या वरची, जागा निघणार होती, पदवी हातात असती तर ती बाईंना मिळाली असती. बाई म्हणाल्या, “सर, झालंय ते तळटीपेत मावण्याएवढं न्हाय.” आणि त्यांनी विषयच फिरवला. वाघळं गेल्यावर त्या रानात काय उगवतं आणि काय उगवायचं थांबतं, ते बघायला लागल्या. त्याला आणखी वर्षं लागली. रीडरची जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंनी त्याला पेढे दिले, आणि शनिवारची बस काही सोडली नाही. पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

निरोपाचा समारंभ केंद्रातल्या मोठ्या वर्गात झाला. भाषणं झाली. इतिहासाचे सर भाषण करता करता गहिवरले. मी काय बोललो ते आठवत नाही. मागच्या बाकावर एक खेड्यातली बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, शेजारी मिसरूड फुटू लागलेला मुलगा. ती तुळसा होती. वाघळं उठवली त्या दिवसानंतरही ती बाईंना घरात घ्यायची, चहा द्यायची, सगळं करायची. पण वडाचा विषय दोघींत कधी निघाला नव्हता, हे मला बाईंकडूनच माहीत होतं.

हारतुरे आटोपल्यावर ती पुढं आली. मुलाला म्हणाली, “पाया पड.” तो वाकला. बाईंनी त्याला उठवलं, “लई उंच झालास रं,” म्हणाल्या.

तुळसा तिथंच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “बाई, त्या दिवशी तुमी ‘न्हाय’ म्हटला असतासा, तर मी तवा ऐकलं असतं. वड ऱ्हायला असता तुमचा.”

“जाऊ दे गं आता,” बाई म्हणाल्या.

“पर पोरं तशीच मराय लागली असती, तर वाघळांपायी तुमी खोटं बोललासा असं वाटलं असतं. मग पाणी उकळायचं तुमचं मी ऐकलं नसतं.”

बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी आणि तो मुलगा शेजारी उभे होतो. आपल्याविषयीच बोलणं चाललं आहे हे त्या मुलाला कळलं नसावं. तो भिंतीवरचे तक्ते वाचत होता.