मुठीसकट मोजलेली सुरी

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. हे पोलिसातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. आता यांचा हात थरथरतो, म्हणून हे सांगतात आणि मी वहीत लिहिते. पुढचे शब्द यांचे.

गोव्यात डिचोली ठाण्यातली ती एक केस माझ्या मनातून अजून जात नाही. शुक्रवारी सकाळी ठाण्यात फोन आला, नार्वे गावातल्या एका घरात आखातातून सुरे आलेत. नाव न सांगता फोन करणारा बहुतेक वेळा शेजारीच असतो. डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि गेलो. घरातला मुलगा आखातात ट्रक चालवायचा, सुट्टीवर आला होता. मंगळवारी त्याचं विमान होतं. ते चुकलं तर नोकरी गेली, हे त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितलं.

त्याच्या बॅगेत घडीच्या चार सुऱ्या मिळाल्या. मी उघडून मोजल्या. प्रत्येकी साडेदहा इंच. पंचनाम्यात तसंच लिहिलं, मुद्देमालावर लाखेचं सील मारलं. नऊ इंचांवर म्हणजे शस्त्र, आणि परदेशातून आणलं म्हणजे विनापरवाना आयात. माझ्या दृष्टीने केस सरळ होती.

चौकशीत विचारलं, एका माणसाला चार कशाला, विकायला? तो एकच सांगत राहिला, "सायब, बापूय काजूचीं कलमां बांदता. एक ताका, तीन वाड्यावरल्यांक." म्हणजे एक सुरी कलमं बांधणाऱ्या बापाला, तीन वाड्यावरच्यांना. खोटं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो. हा शब्दही बदलत नव्हता. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाप बाहेर बाकावर बसून होता. दुपारी आत येऊन गुन्हा स्वतःवर घेत म्हणाला, "सुऱ्यो म्हज्यो. म्हाका भितर घालात, ताका सोडात." एका शिपायाने त्याची चेष्टा केली, या वयात कोणाला मारणार बाबा? मी शिपायाला गप्प केलं नाही.

शनिवारी रिमांड घेतला. रविवारी घरी जेवताना विषय निघाला. बायको (ती हे लिहायला तयार नव्हती) हळूच म्हणाली, "सुरी घेताना पातं बघतात. मूठ कोण मोजतं?"

जेवण तसंच टाकून ठाण्यात गेलो आणि नियम काढला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, असं साफ लिहिलं होतं. घरकामाची आणि शेतीची हत्यारं वगळलेली होती. मी मुठीसकट मोजलं होतं. पातं जेमतेम साडेचार इंच भरलं असतं. ते शस्त्रच नव्हतं, मग शस्त्राची आयात कुठली?

वरिष्ठ म्हणाले, आता कोर्टच सोडवेल. सोमवारी कोर्टात चूक सांगितली. रोख रक्कम भरून जामीन मिळाला, पण सुऱ्यांची तपासणी होईपर्यंत गोवा सोडायचा नाही, या अटीवर. मंगळवारी विमान गेलं. कंपनीने दुसरा ड्रायव्हर घेतला.

पुढे मी कुठलंही हत्यार मोजण्याआधी ते कशाला वापरतात हे विचारू लागलो. त्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता.

काही महिन्यांनी केस बंद झाली. जामिनाची रक्कम घ्यायला बाप एकटाच आला. कारकुनासमोर त्याने नोटा दोनदा मोजल्या. मी विचारलं, पैसे पूर्ण आहेत ना?

"पयशे पुराय आसात, सायब," तो म्हणाला.