लान्सनायक कृष्णाताची सही

लालासाहेब डॉक्टरांना कायद्याविषयी फार आदर होता. वाचण्याइतका मात्र नव्हता. गर्भपात कायदेशीर झाला, त्यांच्या दवाखान्याला सरकारी मंजुरी मिळाली, आणि त्यांनी पदरची दोन कलमं रचून आलेल्या प्रत्येक बाईला ऐकवायला सुरुवात केली. एक, नवऱ्याच्या सहीशिवाय हात लावता येत नाही. दोन, एकदा मोकळी झालेली बाई पुन्हा आई होत नाही, आणि हे तिला सांगणं डॉक्टरवर कायद्यानं बंधनकारक आहे.

आटपाडीकडच्या विजयमालानं हे सगळं उभ्यानं ऐकलं. मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, आणि ते पोर अजून अंगावर पीत होतं.

“पुन्हा न्हाई झालं तर बरंच की,” ती म्हणाली. “सहीचं बोला. मालक पार लडाखला हायती.”

“मग सुट्टीवर येऊ देत.”

“आवं, त्यांच्या आधी हे पोटातलं यील.”

डॉक्टरांनी घंटी वाजवली. पुढची बाई आत आली.

सांगलीच्या सुकुमार वकिलांनी पुस्तक उघडून दाखवलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे. डॉक्टरांची दोन्ही कलमं कायद्यात औषधालाही नव्हती. वकिलांना लगेच स्फुरण चढलं.

“दावा लावू, बाई. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“त्यापरीस दुसरा डॉक्टर दावा की.”

“दुसरीकडं गेलात तर दाव्यात उरलं काय?”

विजयमालानं शिकल्यासवरल्या माणसावर विश्वास ठेवला. पहिल्या तारखेला डॉक्टरांचे वकील आजारी होते, दुसरीला न्यायाधीशांची बदली झाली, तिसरीला उत्तर द्यायला मुदत मिळाली. पोट मात्र मुदत देत नव्हतं. मुलगी झाली. विजयमाला याही खेपेला वाचली, पण पुढं महिनाभर भिंत धरून चालत होती.

मुलीला कडेवर घेऊन ती तारखेला गेली. बाळंतपण उरकल्यामुळे आता ठरवण्यासारखं काही राहिलं नाही, असं म्हणून कोर्टानं दावा निकाली काढला.

“सुटला विषय,” वकील टाय सारखा करत म्हणाले.

“तुमी सुटला, वकीलसाहेब. मी न्हाई सुटली.”

दवाखान्यात डॉक्टरांच्या भाषणाला तिसरं कलम जोडलं गेलं: कोर्टानंही हेच सांगितलंय.

पुढच्या वर्षी विजयमालाचा नवरा कृष्णात सुट्टीवर आला. बोट दाखवतील तिथं सही करायची, एवढं फौजेनं त्याला चांगलं शिकवलं होतं. निघायच्या दिवशी विजयमालानं त्याच्यापुढं कोऱ्या कागदांची चळत ठेवली.

“एवढ्या सह्या कशाला गं?”

“डाक्टरला लागत्यात.”

लान्सनायकानं एकेक करून सगळ्या केल्या.

दिवस गेल्याचं कळताच त्यातला एक कागद डॉक्टरांच्या टेबलावर गेला. त्यांनी चष्मा लावून सही न्याहाळली. “हे कसं कायद्याप्रमाणे झालं,” ते म्हणाले, आणि त्या आनंदात दुसरं कलम ऐकवायचंही विसरले. संध्याकाळच्या एसटीनं विजयमाला घरी आली.

उरलेले कागद वाया गेले नाहीत. गावातल्याच रंगूबाईनं एक नेला, एक आक्काताईनं. धोंडुबाईचा तर नवरा वारून तीन वर्षं झाली होती. तिनंही एक नेला. डॉक्टरांनी दरवेळी सही पाहिली, नाव कधीच वाचलं नाही. त्या दवाखान्याच्या लेखी लडाखच्या बर्फात पहारा देणारा एक लान्सनायक चार बायकांचा नवरा होता, आणि कायद्याचा आदर शाबूत होता.