तिसऱ्या दिवसाचा फोन

कौसामावशीचा फोन तिसऱ्या दिवशी यायचा. दुसऱ्या नाही, चौथ्या नाही. बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्याबरोबर ज्या कुणाच्या डोळ्यात इंजेक्शन झालं असेल, त्याचा नंबर ती बाकावरच मागून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मासळीचा बाजार उरकला की एकेकाला फोन लावायची. नमस्कार-चमत्कार नाही, थेट प्रश्न: "कालच्यापरीस आज दुखनं कमी हाय का जास्त?" समोरचा "कमी" म्हणाला की फोन बंद.

लोक चेष्टा करायचे. कन्हेरीचे एक बागायतदार मला म्हणाले, "मला वाटलं, मावशी चिलापी मासे खपवायला फोन करतीया." मी ते तिला सांगितलं, तर म्हणाली, "खपवते की! डोळा बरा असंल तर दोन किलो घ्या म्हनावं."

ती भिगवणची. उजनीचे मासे विकण्यात सगळा जन्म गेला. साखरेच्या आजारानं डोळ्याच्या पडद्याला सूज आली, म्हणून उजव्या डोळ्यात महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन. यंदा ती लेकीकडे राहायला लांब गेली, आणि तिच्याविषयी कुणी काही लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहिते आहे.

मी मधुमेहावर गावोगाव पत्रकं वाटणाऱ्या एका गटात आहे. माझे वडील, निरवांगीचे आबा, त्याच दवाखान्यात इंजेक्शनं घेतात. तिथंच मावशीला मी माझं पत्रक वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीला तिनं हात आडवा केला.

"'घाबरू नका' लिव्हलंस व्हय? त्यानंच मानूस भितंय. काय हुतं ते लिव्ह."

"मग तुम्हीच सांगा," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"थेंब टाकून डोळा बधिर करत्यात. मग औषधानं धुत्यात, ते चरचरतं. पापनी मिटू नये म्हनून चिमटा लावत्यात, त्योच काय तो नकोसा वाटतो. सुई बाजूनं येती, दिसत बी न्हाय. बोटानं दाबल्यागत वाटतं आन पाच म्हनायच्या आत झालं. घरी गेल्यावर काळं ठिपकं पोहत्यात, पांढऱ्यावर लाल डाग दिसतो, त्यो जातो. डोळा चोळायचा न्हाय, पानी जाऊ द्यायचं न्हाय. आन दिसाया लागलं म्हनून म्होरली सुई चुकवायची न्हाय. सूज परत येती."

मी सगळं उतरवून घेतलं. वर माझ्या अकलेची एक ओळ जोडली: 'इंजेक्शननंतर डोळा लाल होतो, थोडा दुखतो, काळजीचं कारण नाही.' धीर देणारी ओळ. मला फार आवडली होती.

आबांचं तिसरं इंजेक्शन गुरुवारी झालं. रविवारी मी घरी होते. आबा खिडकीकडे पाठ करून बसलेले, उजेड सोसत नव्हता. डोळा लालभडक. मी काळजीनं विचारलं, तर म्हणाले, "तुझ्याच कागदात हाय की, लाल होतो, दुखतो. उद्या बघू." आणि स्पष्ट सांगते, मी मान डोलावली.

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"आबा, कमी हाय का जास्त?"

आबा घुटमळले. "जरा जास्तच हाय, ताई. पन पोरीच्या कागदात लिव्हलंय, काळजी करू नका म्हनून."

"दिसतंय कसं?"

"धुकं पडल्यागत."

"उठा! सुईचं दुखनं रोज कमी हुतं. वाढत गेलं तर आत जंतू गेल्यात. पोरी, डॉक्टरला फोन लाव आन गाडी काढ. सदरा बदलत बसू देऊ नकोस त्यांना."

नंबर दवाखान्याच्या कागदावर होता. तळाशी, बारीक इंग्रजीत, धोक्याच्या लक्षणांसकट. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून आलेल्या माणसाला हे असं लिहून देतात! डॉक्टरांनी मात्र रविवार असून दवाखाना उघडला. आत जंतुसंसर्ग होता. लगेच डोळ्यात औषध सोडलं. "उद्या आला असतात तर काही सांगता आलं नसतं," ते म्हणाले.

त्या कागदावरून मी काउंटरवर कडाकडा भांडले. मग मोठ्या तोऱ्यात ते मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "भांड की. पन तुझ्या कागदातली ती वळ बी खोड."

खोडली. तिथं मावशीचा प्रश्न मोठ्या अक्षरांत छापला. खाली लिहिलं: जास्त असेल, डोळा लाल होत चालला असेल, उजेड सोसत नसेल, अंधूक दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळा सावरायला काही महिने गेले. पूर्वीइतकं नाही, पण उसाच्या सरीतून एकटं फिरण्याइतकं आबांना दिसू लागलं. एके दिवशी म्हणाले, "मला भिगवणला ने."

मावशी बाजारात मासळीच्या पाटीमागं बसली होती. आबा तिच्या शेजारी टेकले, हात जोडले. "ताई, तुमचे उपकार..."

"उपकार कसलं," ती समोर बघतच म्हणाली. "माझा डावा असाच गेला. मागं, दुसरीकडं सुया घेत हुते तवा. तिसऱ्या दिशी ठणकाय लागला. वाटलं, सुई टोचल्याव दुखनारच. चार दिस कळ काढली. कुनी इचारलंच न्हाय."

इतके महिने मी त्या बाकावर तिच्याशेजारी बसले होते. मीही विचारलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "हितं नगा बसू. ह्या अंगाला तुमी मला दिसत न्हाय."

आबा उठले आणि तिच्या उजव्या हाताला जाऊन बसले.