पाटावरचा रोटर

"ये मिस्तरी, ऊठ! दसरा उजाडून उन्हं डोक्यावर आली अन् तू गोधडीत?"

दारात सायखेड्याचे नाना ओरडत होते. इतक्या जोरात, की शेजारच्या तीन घरांतली माणसंही उठून बसली. मी गोधडी डोक्यावर घट्ट ओढली. म्हटलं, आता हा माणूस मला मारणार... आणि मारायलाच हवं. पण नानांच्या आवाजामागे आणखी एक आवाज येत होता. भड-भड-भड. तो ऐकला आणि मी गोधडी फेकून उठून बसलो.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मोटार-मिस्त्रीचा विश्वास दोनच गोष्टींवर - पेट्रोल आणि ठिणगी. माझ्या सांगण्यात मीठमसाला जरा जास्त असतो, हे नाशकातल्या द्वारकेजवळच्या आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. पण हा प्रसंग मी बेचव सांगतोय. जसा घडला तसा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची. नानांकडे लष्कराने लिलावात काढलेला एक पेट्रोल ट्रक होता. एवढा जुना, की चालू झाला की गोदावरीतले मासे उलटे त्र्यंबककडे पळायचे. नाना त्यातून वस्तीवरच्या बारा घरांचा झेंडू दसऱ्याला पंचवटीतल्या बाजारात आणायचे. आदल्या वर्षी तो ट्रक अर्ध्या वाटेत बंद पडला. दुपार झाली, झेंडू तिथेच कुजला. दसऱ्याची दुपार टळली की झेंडू बैलसुद्धा हुंगत नाही. तेव्हापासून वस्तीवर नानांशी कुणी धड बोलत नव्हतं. भांडण नाही, शिवी नाही... नुसती मान फिरवायची. ते जास्त वाईट. तरी या वर्षी फुलं त्यांच्याच ट्रकात भरायची ठरली, कारण वस्तीवर दुसरी गाडीच नव्हती.

म्हणून खंडेनवमीच्या सकाळी मी सायखेड्याला गेलो. गाडी चालू व्हायची, तापली की मरायची. प्लग काढून साफ केले. पॉइंट पॉलिश पेपरने घासले. कंडेन्सर बदलला. कॉइल बदलून पाहिली. पण दुखणं हटेना. शेवटी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि चोर सापडला - रोटर. म्हणजे टोपीखाली फिरणारा बोटभर तुकडा. कॉइलकडून आलेली ठिणगी तो एकेका प्लगला वाटत जातो. पंगतीतला वाढपीच समजा. वाढपी नाही तर पंगत उपाशी, रोटर नाही तर गाडी म्हणजे नुसतं भंगार. त्याला केसाएवढी चीर पडली होती.

मी रोटर खिशात टाकला. आत धूळ जाऊ नये म्हणून टोपीखाली माझ्या जुन्या बनियनची चिंधी खोचली, टोपी लावली आणि नानांना म्हणालो, "नवीन घेऊन पहाटेच्या पहिल्या एसटीने येतो. फुलं भरून ठेवा."

"मिस्तरी," नाना म्हणाले, "औंदा नाय पोचलो तर मला वस्तीवर ऱ्हाता येणार नाय."

नाशकात आलो तर काय... खंडेनवमी! एकूण एक स्पेअर पार्टवाला दुकानातलं सामान पूजेला मांडून घरी गेलेला. म्हटलं, हाच लाखेने चिकटवू, बाजारापुरता चालेल. लाख लावून वाळवला. आणि मग मी ती चूक केली. सवयीने पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं घरी पाटावर मांडलं, आणि त्यातच रोटरही ठेवून दिला. आमच्या मंडळींनी सगळ्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. झालं. पाटावर बसलेलं हत्यार दसऱ्याच्या आरतीआधी उचलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

पहाटे पाचला मी रोटरला हात घातला, तर ही आडवी. "आरती झाल्याशिवाय नाही."

"अगं, एसटी जाईल."

"जाऊ दे. माझ्या घरात पाट मोडायचा नाही."

माझा देवावर विश्वास नव्हता, पण बायकोवर होता. तिने आरती म्हटली, ती तर मला तीन दिवस चालली असं वाटलं. धावत स्टँडवर गेलो. एसटी गेली होती. परत आलो, रोटर पाटावर ठेवला आणि लाजेने गोधडीत शिरलो.

आणि आता दारात भड-भड-भड.

बाहेर आलो. ट्रक उभा. हौदा रिकामा, बॉनेटला झेंडूचा हार, आणि नाना चक्क हसत होते. "सगळी फुलं खपली. वस्ती खूश हाय. येताना वस्तीवरला तुकातात्या, वर्षभर मान फिरवणारा, माझ्याबरं पुढं बसला, बोलत बोलत आला. आता बाजारात हाय."

"नाना... गाडी चालू कशी झाली?"

"तुझी वाट बघितली. तांबडं फुटलं. माणसं गाडीभवती उभी, नुसती बघत ऱ्हायली. म्हणलं, निदान हँडल तरी मारू. त्यांना दिसू दे, मी काहीतरी करतोय. पहिल्याच हँडलला गाडी चालू झाली."

"रोटर कुणी बसवला? दुसरा आणला?"

"मी कशाला आत हात घालू? मला काय कळतंय त्यातलं?"

मी इंजिन बंद केलं. क्लिपा सोडल्या, टोपी उचलली. आत रोटर नव्हता. माझ्या बनियनची चिंधी होती. कालच्यासारखीच खोचलेली. ना फाटलेली, ना जळालेली. सायखेड्यापासून नाशिकपर्यंत तिच्या पोटात रोटरचा दांडा गरगर फिरला होता, आणि तिला साधी सुरकुतीही नव्हती.

टोपी परत लावली. म्हटलं, "मारा हँडल." नानांनी मारलं. मग मी मारलं. मग शेजारच्या पैलवानाने मारलं. इंजिनाने साधा खोकलासुद्धा काढला नाही.

त्यानंतर मी किती मिस्त्र्यांना विचारलं, मोजदाद नाही. काही हसले, काहींनी "आज किती घेतलीस?" म्हणून विचारलं.

त्या दिवशी मी आत गेलो, पाटावरचा रोटर उचलून आणला आणि नानांच्या तळहातावर ठेवला. त्यावरचं हळदकुंकू अजून लागलेलं होतं.

"नाना, तुमची गाडी याच्याशिवाय आली."

नानांनी तो उलटसुलट करून पाहिला, कुंकवाचं बोट धोतराला पुसलं आणि रोटर मला परत दिला.

"मग बसव आता. तात्याला घेऊन परत जायचंय."